बाकी सगळं निगेटिव्ह, त्रास तसाच. मायकोप्लाझ्माची टेस्ट आधी कोणाची करू?

टिपकागद
नमस्कार. दोन महिने झाले, संबंधांनंतर थोडं रक्त जातं, अंगावरून पिवळसर जातं, ओटीपोट जड वाटतं. गोनोरिया, क्लॅमिडिया निगेटिव्ह. पॅप (गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी) आणि युरिन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघतात ते) नॉर्मल. मध्ये आठवडाभर डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) घेतली, पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. त्या कोर्सला आता महिना झाला. नव्या डॉक्टरांना मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या संबंधांतून पसरणाऱ्या जंतूचा संशय आहे, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) करा म्हणाल्या. नवऱ्यालाही सकाळी लघवीला जळजळ होते, तो कबूल करत नाही ही गोष्ट वेगळी. सध्या एकाच टेस्टपुरते पैसे आहेत. माझी करू की त्याची? मोठी पॅनेल कृपया सुचवू नका.

बोळकं
मोठं पॅनेलच करा. मी बारा जंतूंचं केलं, एकदाच काय तो निकाल. माझ्यात युरियाप्लाझ्मा निघाला. तीन वेळा औषधं घेतली, अजून रिपोर्टमध्ये येतोच आहे. पण निदान कळलं तरी.

उंबरठा
बोळकं, शेवटची ओळ वाचली नाहीत का? आणि युरियाप्लाझ्मा, मायकोप्लाझ्मा होमिनिस हे कितीतरी निरोगी माणसांत असतातच. सरसकट शोधत बसू नका आणि सापडले म्हणून लगेच मारू नका, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये लिहून ठेवलंय. जेनिटॅलियम वेगळा. नावं सारखी वाटतात म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

बोळकं
म्हणजे माझे तीन कोर्स वाया गेले म्हणता? डॉक्टर तुम्ही की माझ्या बाई?

रातराणी२
मला असंच झालं होतं तेव्हा अमॉक्सिसिलिन दिलं. दहा दिवस. शून्य फरक.

गणपुले_काका
फरक पडणार कसा? पेनिसिलीनच्या घरातली औषधं जंतूची पेशीभित्तिका पाडतात. याला ती नाहीच. भिंतच नाही तर पाडणार काय! साध्या कल्चरमध्येही हा दिसत नाही. प्रयोगशाळेत वाढवायचा तर आठवडे, कधी महिने लागतात. त्यामुळे कल्चर नॉर्मल आलं याला काही अर्थ नाही. १९८० साली लंडनमध्ये दोन पुरुषांच्या नमुन्यांतून पहिल्यांदा मिळाला. जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, जेमतेम ५ लाख ८० हजार अक्षरांचा, १९९५ मध्ये वाचून झाला, तेव्हा पेशी असलेल्या जिवांतला तो दुसराच. २००८ मध्ये तर तो जीनोम प्रयोगशाळेत रसायनांपासून बांधून दाखवला. इवलासा जीव, पण

उंबरठा
काका, ताईंना पोटात दुखतंय.

गणपुले_काका
बरं बरं. अवांतराबद्दल क्षमस्व.

मधली_सुट्टी
टेस्टबिस्ट कशाला? अझिथ्रोमायसिनची एक ग्रॅमची एकच गोळी. मी घेतली, चार दिवसांत साफ. माझ्या मित्रालाही तीच सांगितली.

चाफा_वेडी
मधली_सुट्टी, तुमच्यासारख्यांमुळेच मला दोन वर्षं भोगावं लागलं. मलाही ती एकच गोळी दिली होती. महिन्याने त्रास परत, तेव्हा टेस्ट केली तर अझिथ्रोला दाद न देणारा जंतू. आता कित्येक ठिकाणी निम्मे नमुने तसे निघतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. म्हणून पीसीआरबरोबर मॅक्रोलाइड रेझिस्टन्सही (अझिथ्रोच्या गटातल्या औषधांना जंतू दाद देतो की नाही) तपासतात का, ते लॅबला आधी विचारा. रिपोर्टमध्ये दाद देणारा निघाला तर आधी सात दिवस डॉक्सी, मग अझिथ्रो चार दिवस. नाही तर, किंवा रेझिस्टन्सची टेस्टच मिळाली नाही तर, डॉक्सीनंतर सात दिवस मॉक्सिफ्लॉक्सासिन. एकट्या डॉक्सीने जंतूंची संख्या उतरते, पण बहुतेकांत तो पुरता जात नाही. ताई, तुमचं पंधरा दिवस बरं वाटणं तेच असावं. मॉक्सीत माझी टाच इतकी दुखली की जिना चढवेना. या औषधाने स्नायूबंधांना इजा होऊ शकते, तसं दुखलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. दिवस गेलेले असतील किंवा शक्यता असेल तर आधीच सांगा, डॉक्सी आणि मॉक्सी दोन्ही तेव्हा टाळतात.

रातराणी२
+१. मलाही अमॉक्सिसिलिनने काही झालं नव्हतं.

निनावी_७
एक विचारू? बायकोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. लग्नाला सहा वर्षं झाली. मला काहीच त्रास नाही. मग हा आला कुठून?

चाफा_वेडी
रिपोर्ट तारीख सांगत नाही. हा पुष्कळ जणांत लक्षणांशिवाय मुकाट बसून राहतो. कोणी कोणाला कधी दिला हे त्यावरून ठरवता येत नाही. तुमच्यातही असू शकतो. भांडण्याआधी स्वतःची तपासणी करा.

मधली_सुट्टी
सहा वर्षं म्हणजे जरा जास्तच वाटतं हो.

उंबरठा
मधली_सुट्टी, त्यांचा संसार इथे मोडायला बसू नका. टिपकागद, मूळ प्रश्नाचं उत्तर: तुमची करा. त्रास तुम्हाला जास्त आहे. बायकांत योनीमार्गाचा स्वॅब लघवीपेक्षा चांगला पकडतो, स्वतःही घेता येतो. अँटिबायोटिक झाल्यावर तीनेक आठवडे जाऊ द्यायचे असतात, तुमचे झालेच आहेत. आणि ओटीपोट दुखतंय हे हलक्यावर घेऊ नका. संसर्ग गर्भाशय आणि नळ्यांपर्यंत चढू शकतो. ताप आला किंवा दुखणं वाढलं तर टेस्टची वाट न बघता डॉक्टर गाठा.

बोळकं
पॅनेलमध्ये हे सगळं एकदम कळतं.

चाफा_वेडी
उंबरठाशी सहमत, तुमचीच आधी. पॉझिटिव्ह आली तर नवऱ्याची तपासणी, नाहीच जमली तर तुमचेच औषध त्याला देता येईल का ते डॉक्टरांना विचारा. दोघांचं उरकेपर्यंत संबंध नकोत, नाहीतर चेंडू इकडून तिकडे.

गणपुले_काका
तिघांचं एकमत झालेलं मी या साइटवर पहिल्यांदा बघतोय.

टिपकागद
सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांशी बोलले. नवऱ्याची टेस्ट आधी करतोय. थांबा, ओरडू नका. माझा रिपोर्ट आला तर तो "तुझं तू बघ" म्हणणार, गोळ्या घेणार नाही. दहा वर्षं ओळखते त्याला. स्वतःच्या नावाचा कागद हातात पडला तरच घेईल. लघवीचीच टेस्ट आहे कळल्यावर तयार झाला, इतके दिवस काय वाटत होतं कोण जाणे. तासभर लघवी न करता मग पहिली धार द्यायची, मधली नाही, असं लॅबने सांगितलंय. रेझिस्टन्सही बघतात. माझा स्वॅब पुढच्या महिन्यात, पोट वाढून दुखलं तर लगेच.

उंबरठा
त्याची निगेटिव्ह आली म्हणून तुम्हाला नाही असं होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

टिपकागद
हो, डॉक्टरही हेच म्हणाल्या. जराशा चिडूनच.

मधली_सुट्टी
त्यापेक्षा दोघांनी एकेक गोळी