‘ओअ‍ॅसिस’मधली गाँग-जू आणि तिची इच्छा

ली चांग-डाँग यांच्या ‘ओअ‍ॅसिस’ (२००२) या कोरियन चित्रपटात जाँग-डू या तरुणाने गाँग-जू या तरुणीवर केलेल्या बलात्काराच्या प्रयत्नातून दोघांचे प्रेम उगवते, म्हणून तो चित्रपट अक्षम्य आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्या प्रसंगाचे समर्थन मलाही आजवर करवलेले नाही. मात्र सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या गाँग-जूलाही इच्छा असू शकते हे तिच्या भोवतालच्या कुणालाच सुचत नाही, याकडे दुर्लक्ष होऊ नये: अपंगांसाठीच्या सवलतीत तिच्या नावावर मिळालेल्या घरात भाऊ-वहिनी राहतात, तिला जुन्या खोलीत शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवतात, आणि पुढे तिच्या इच्छेने घडलेला संबंधही पोलिसांसह सारे अत्याचारच ठरवतात. मेट्रोतला प्रसंग आठवा. समोरचे जोडपे बाटलीने एकमेकांना टपल्या मारत असते. ते पाहता पाहता गाँग-जू, कल्पनेत, चाकाच्या खुर्चीतून सहज उठते आणि जाँग-डूच्या डोक्यावर प्लास्टिकची बाटली हलकेच आपटते. गाँग-जूची भूमिका करणाऱ्या अभिनेत्री मून सो-री स्वतः अपंग नाहीत, हा आक्षेपही रास्तच आहे (व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्यांना मिळालेल्या पुरस्काराने तो मिटत नाही). पण ते क्षणभराचे उभे राहणे त्यांच्या त्याच शरीरामुळे पडद्यावर येऊ शकले, ही अडचण आक्षेप घेणाऱ्यांनाही टाळता येत नाही.