सायनस, कोटर, ढोली की घुळणा?

परभणी (प्रश्नकर्ती): आशाताईंच्या (गावपातळीवरील आरोग्यसेविकांच्या) प्रशिक्षणासाठी एका पुस्तिकेचे मी मराठीकरण करीत आहे. नाकाभोवतीच्या हाडांत सायनसच्या, म्हणजे हवेच्या पोकळ्यांच्या, ४ जोड्या असतात, त्यांना मी 'नासाकोटर' म्हटले. वाचून दाखवताना एका ताईंनी विचारले, "म्हणजे घुळणाच ना, जो फुटला की नाकातून रक्त येते?" मी नाही म्हणाले, पण त्यांच्या घरात आजीपासून तोच अर्थ चालत आला आहे. गालाच्या हाडातील सायनसचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूस असते, म्हणून माणूस उभा असताना स्राव आपोआप ओघळत नाही, आतील सूक्ष्म केसांना तो वर ढकलत न्यावा लागतो, एवढे मला त्यांना समजेल अशा शब्दांत सांगायचे आहे.

लातूर: ताई, कोटर म्हणजे ढोलीच. मग सरळ 'ढोली' लिहावे. ढोलीचे तोंडही बुंध्यात वर असते आणि आत साचलेले पाणी बाहेर येत नाही. आपले निम्मे वाक्य त्या एका शब्दातच आले.

नांदेड: मी नाक-कान-घशाचा डॉक्टर आहे. गालासाठी ढोली शोभेल, परंतु दोन डोळ्यांच्या मधल्या हाडात एक पोकळी नसून लहान लहान कप्प्यांची दाटी असते. तिला ढोली कशी म्हणणार? 'सायनस' हाच शब्द ठेवावा, कारण रुग्णाच्या तोंडी तोच आहे.

लातूर: रुग्ण "मला सायनस आहे" म्हणतो तेव्हा त्याला आजार अभिप्रेत असतो, डॉक्टरसाहेब. सायनस तर प्रत्येकालाच असतात. जो शब्द अवयव आणि आजार यांत फरक करू देत नाही, तो केवळ रुळला म्हणून पुस्तिकेत यावा, हे मला मान्य नाही.

बीड: 'सायनस' इतका परका नाही. आपल्या गणितातील 'जीवा' (त्रिकोणमितीतील आजची 'साइन') अरबीत गेली, तेथे ती 'जैब' म्हणजे वस्त्राची घडी अशी वाचली गेली, आणि त्याचे लॅटिन भाषांतर 'सायनस' झाले. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले माझे आजोबा खिशाला 'जेब'च म्हणत.

नांदेड: ती कथा त्रिकोणमितीची आहे. शरीरशास्त्राने हा शब्द लॅटिनमधूनच घेतला. तेथे वळण, घडी, उपसागर हे त्याचे जुने अर्थ आहेत.

बीड: घडी म्हणजे आपला 'घोळ', लुगड्याचा असतो तो. मग 'घोळणा' त्यातूनच आला असेल आणि त्या ताईंची आजी बरोबर असेल!

नांदेड: अर्थ जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळली असे होत नाही. उन्हाळ्यात घुळणा फुटतो तेव्हा रक्त बहुधा नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून येते, जेथे अनेक रक्तवाहिन्या एकत्र येतात. सायनसचा त्याच्याशी संबंध नसतो.

हिंगोली: आमच्या घरी नाकपुडीच्या मांसल भागाला घुळणा म्हणतात, आतल्या पडद्याला नव्हे. शिवाय आमच्याकडे 'घुळणा' फुटतो, 'घोळणा' कोणीच म्हणत नाही. 'घोळ'पासून हा शब्द आला असेल तर हा उकार कोठून आला, हे बीडच्या सरांनी आधी सांगावे.