एनटी-प्रोबीएनपीच्या आकड्यावरून वडिलांच्या प्रकृतीचा अंदाज किती बांधावा?

डिचोलीकर
माझे वडील 71 वर्षांचे आहेत. पायांवर सूज आणि रात्री आडवे पडताच लागणारा दम, यांमुळे गेल्या महिन्यात त्यांना इस्पितळात दाखल केले व हार्ट फेल्युअरचे (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडण्याचे) निदान झाले. दाखल होताना एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) 4,800 होते, घरी सोडताना 2,100. सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टनची गोळी सुरू आहे. काल जवळच्या प्रयोगशाळेत बीएनपी 640 आले. भावाच्या मते धोका टळला. मला मात्र 640 सुद्धा जास्तच दिसते. यावरून पुढचे काय सांगता येईल?

फोंड्याची डॉक्टर
2,100 मधून 640 वजा करता येत नाहीत, कारण या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. हृदयाच्या कप्प्याची भिंत ताणली गेली की तेथील पेशी एक प्रथिन तयार करतात आणि त्याचे दोन तुकडे रक्तात उतरतात: बीएनपी हे प्रत्यक्ष काम करणारे संप्रेरक, तर एनटी-प्रोबीएनपी हा निष्क्रिय, परंतु रक्तात अधिक काळ टिकणारा भाग. सॅक्युबिट्रिल ज्या विकराला (एन्झाइमला) रोखते तेच विकर बीएनपीचे विघटन करत असल्यामुळे, ही गोळी चालू असताना बीएनपी केवळ औषधामुळेही वाढलेले दिसू शकते. एनटी-प्रोबीएनपीचे तसे होत नाही, म्हणून आपल्या वडिलांची तीच चाचणी, शक्यतो पूर्वीच्याच प्रयोगशाळेत, करून घ्यावी.

इस्पितळातील मुक्कामात एनटी-प्रोबीएनपीत 30 टक्क्यांहून अधिक घट होणे हे चांगले लक्षण मानतात. आपल्या वडिलांची घट सुमारे 56 टक्के आहे आणि ती मला खरोखर दिलासादायक वाटते. मात्र रुग्णांच्या मोठ्या गटावरून काढलेली शक्यता ही एका माणसाच्या आयुष्याची मुदत नव्हे. कृपया तसा अर्थ घरात कोणी काढू नये.

मांद्रेकर
माझ्या आईचा आकडा मध्येच वाढला तेव्हा आम्ही फार घाबरलो होतो, पण क्रिएटिनिन तपासल्यावर मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे कळले. वाढते वय आणि अनियमित ठोके यांनीही हा आकडा वर जातो, तर स्थूल व्यक्तीत तो कमी दिसतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या गाइड-इट या रुग्णांवरील अभ्यासात केवळ या आकड्याच्या मागे लागून केलेले उपचार नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणून अंगात पाणी साठते आहे का हे कळावे यासाठी आम्ही रोज सकाळी वजन लिहून ठेवतो आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवतो. मिठानेही पाणी साठते, म्हणून पावसाळ्यात जेवणात खारे बांगडे असतील, तर ते आधी थांबवा.

डिचोलीकर
डॉक्टर, पूर्वीच्याच प्रयोगशाळेत उद्या एनटी-प्रोबीएनपीसाठी रक्त देतो. सोबत क्रिएटिनिनही करून घ्यावे ना?

फोंड्याची डॉक्टर
होय, आणि पोटॅशियमही. या गोळीने ते वाढू शकते. अहवाल आला की वजनाच्या नोंदीसह आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि तोवर गोळी स्वतःहून बंद करू नका.