अँडालुसाइट–सिलिमनाइट सीमारेषा दोनशे अंशांनी का सरकते?

प्रश्न
कायनाइट, अँडालुसाइट आणि सिलिमनाइट या एकाच रासायनिक सूत्राच्या (Al₂SiO₅), पण वेगळ्या रचनेच्या तीन खनिजांच्या स्थैर्याचा दाब-तापमान आलेख मी स्वतः आकडेमोड करून काढत आहे. अँडालुसाइटची निर्मिती-एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून खनिज बनताना होणारा उष्णतेचा बदल) एका सारणीतून घेतली आणि सिलिमनाइटची दुसऱ्या सारणीतून. एकाच खनिजासाठी या दोन सारण्यांमध्ये एक-दोन किलोज्यूलचा फरक आढळतो; पण मूळ किंमतच उणे २५९० किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास असल्यामुळे मी तो नगण्य मानला. तरीही या दोन खनिजांमधील सीमारेषा अपेक्षित जागेपासून दोनशेहून अधिक अंशांनी सरकली आहे. आकडेमोड तीनदा तपासली. चूक कुठे असावी?

पहिला प्रतिसाद
जो फरक आपण नगण्य मानला, त्यातच ही चूक आहे. समतोल ठरतो तो दोन खनिजांच्या एन्थाल्पींमधील फरकावरून, आणि इथे तो फरकच मुळी दोन ते चार किलोज्यूल आहे. एन्थाल्पीतील चुकीला अभिक्रियेतील एन्ट्रॉपीच्या (पदार्थातील अव्यवस्थेचे माप) बदलाने भागले की तापमानातील चूक मिळते. अँडालुसाइटचे सिलिमनाइट होताना एन्ट्रॉपी प्रति मोल सुमारे ४ जूल प्रति केल्विन वाढते, म्हणून एका किलोज्यूलची चूक १००० भागिले ४, म्हणजे २५० अंशांची होते. कायनाइटचे अँडालुसाइट होताना ही वाढ सुमारे ९ असते, तेव्हा तीच चूक ११० अंशांवर येते. मस्कोव्हाइट (एक प्रकारचा अभ्रक) आणि क्वार्ट्झ यांच्या अभिक्रियेसारख्या, पाणी मुक्त करणाऱ्या अभिक्रियेत एन्ट्रॉपीचा बदल ७० धरला, तर ती जेमतेम १४ अंशांची उरते.

दुसरा प्रतिसाद
प्रयोगशाळेतही हीच अडचण येते. सीमारेषेपासून ५० अंश पुढे गेले तरी अँडालुसाइटला बदलायला लावणारी मुक्त ऊर्जा केवळ २०० जूल असते, त्यामुळे अभिक्रिया अतिशय मंद चालते. तिन्ही खनिजे एकत्र स्थिर असण्याचा त्रिक बिंदू रिचर्डसन व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ६२२ अंश सेल्सिअस आणि ५.५ किलोबारवर दाखवला, तर होल्डवे यांनी १९७१ मध्ये तो ५०१ अंश आणि ३.७६ किलोबारवर दाखवला. आधीच्या प्रयोगांतील सिलिमनाइटमध्ये फायब्रोलाइट हे अतिसूक्ष्म तंतुमय रूप मिसळलेले होते आणि त्यामुळे सीमारेषा सरकली, असे होल्डवे यांचे म्हणणे होते. तंतूंच्या पृष्ठभागाची थोडी ऊर्जासुद्धा इथे निर्णायक ठरते, म्हणून मला हा युक्तिवाद पटतो.

मूळ प्रश्नकर्ता
मग यातले काहीच भरवशाचे नाही का?

पहिला प्रतिसाद देणारे
रेषेच्या जागेपेक्षा तिचा उतार अधिक भरवशाचा असतो. कायनाइटचे मोलर आकारमान ४४.१ घन सेंटिमीटर आणि अँडालुसाइटचे ५१.५, हे क्ष-किरणांनी नेमके मोजता येते. ७.४ घन सेंटिमीटर म्हणजे प्रति बार ०.७४ जूल, एन्ट्रॉपीच्या ९ जूलला त्याने भागले की उतार अंशामागे सुमारे १२ बार मिळतो, आणि त्यात एन्थाल्पी कुठेच येत नाही. रेषेच्या जागेसाठी मात्र बर्मन यांचा १९८८ चा किंवा हॉलंड आणि पॉवेल यांचा २०११ चा खनिजांच्या एन्थाल्पी, एन्ट्रॉपी इत्यादी किमतींचा संच, असा कोणताही एकच संच घ्यावा. अशा संचांत उष्मामापनाची निरीक्षणे आणि समतोलाचे प्रयोग एकाच वेळी जुळवलेले असतात. त्यामुळे एकेका खनिजाची किंमत थोडी चुकली तरी त्याच संचातील इतर किमती तिच्यासोबत त्याच दिशेने सरकतात आणि दोहोंमधील फरक बरोबर राहतो. दोन संच मिसळताच हे संरक्षण नाहीसे होते.

मूळ प्रश्नकर्ता
तिन्ही खनिजांच्या किमती एकाच संचातून घेऊन आलेख पुन्हा काढला. तिन्ही रेषा आता ५०० अंशांच्या जवळपास एका बिंदूत मिळतात.