आपोआप बदलणारी स्क्रीन आईला जमतेय का, हे तपासायचं कसं?

प्रश्न: आईचं वय ७६. आम्ही औषधांची आठवण करून देणारं ॲप बनवतोय. बोट दोन-तीनदा चुकीच्या जागी पडलं की बटणं मोठी होतात, कमी वापरातली खाली सरकतात. काल तिचं बोट 'घेतली' या बटणावर टेकणार, तेवढ्यात ते खाली घसरलं. तिनं हात मागे घेतला. म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं." मनाला फार लागलं ते. प्रश्नावलीत मात्र सगळीकडे 'छान'! मग खरं कळणार कसं?

उत्तर १: एसयूएस (सिस्टिम युझेबिलिटी स्केल, म्हणजे वापरायला किती सोपं हे मोजणारी प्रश्नावली) वापरलीत का? जॉन ब्रूक यांची १० विधानं, गुण ० ते १००. त्यात एक विधान कौतुकाचं, पुढचं तक्रारीचं. तिथेच गल्लत होऊ शकते. मोठ्यानं वाचून दाखवा. आणि तुम्ही समोर बसू नका, पोटच्या लेकराच्या कामाला आई नावं ठेवेल का?

उत्तर २: आयएसओ ९२४१-११ हे वापरसुलभतेचं आंतरराष्ट्रीय मानक तीन गोष्टी बघतं: काम तडीस गेलं का, त्यासाठी किती वेळ-कष्ट लागले, समाधान किती. तुम्ही फक्त तिसरी विचारलीत. आईसारख्या आणखी काही जणांना तेच काम स्थिर आणि बदलत्या, दोन्ही स्क्रीनवर द्या. निम्म्या लोकांना उलट क्रमानं, नाहीतर सरावाचा फायदा दुसरीला मिळतो. काही दिवसांनी पुन्हा बघा. हात मागे घेतला, तेही मोजा. माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची नोंद आहे.

प्रश्नकर्ता: पटलं. आकार बदलू दे, पण बटणांची जागा आजच पक्की करतो. चाचणीला मावशीच्या मैत्रिणींना बोलावतो, मी बाहेर थांबेन.