शब्दचर्चा : बाळाच्या काळजातलं ‘छिद्र’ की ‘कवाड’?

परभणीहून :

मी आशाताई आहे. मागच्या महिन्यात आमच्या गावातल्या एका बाळंतिणीच्या बाळाची तिसऱ्या दिवशी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली. कागदावर ‘पीएफओ’ (पेटंट फोरामेन ओव्हेल) लिहिलेलं आणि तोंडी एवढंच सांगितलं, “हृदयाला छोटं छिद्र आहे, सहा महिन्यांनी परत दाखवा.” घरी आल्यावर बाळाच्या पणजीनं जेवणच सोडलं. “काळजालाच भोक, मग लेकरू जगावं कसं?” मी डॉक्टरांना परत विचारलं तर म्हणाले, हे दार आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाला असतंच, काळजी नको. मग त्याला छिद्र कामून म्हणायचं? चांगला मराठी शब्द कोणता?

लातूरहून (जीवशास्त्र शिकवतो) :

ताई, पुस्तकात ‘अंडाकृती रंध्र’ आहे, पण तो शब्द पणजीपुढे बोलता येणार नाही. आधी ते काय काम करतं ते पाहू, शब्द त्यातूनच निघेल.

पोटात बाळाची फुप्फुसं द्रवानं भरलेली असतात, श्वास नाही. प्राणवायू वारेतून (गर्भाशयाला चिकटलेली, नाळेनं बाळाशी जोडलेली ती वार) मिळतो. म्हणजे सगळं रक्त फुप्फुसांत पाठवण्यात अर्थ नाही. शेतात आपण दारं धरतो ना, एका वाफ्याचं दार लावायचं, दुसऱ्याचं मोडायचं, तसंच इथं आहे. वारेकडून आलेलं चांगलं रक्त यकृताजवळच्या एका आडवाटेनं थेट उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, येतं. तिथून बरंचसं या दारातून डाव्या अलिंदात जातं, आणि पुढं मेंदूला व खुद्द हृदयाच्या स्नायूंना मिळतं. डोक्याकडून परत आलेलं रक्त खालच्या उजव्या कप्प्यात उतरतं, फुप्फुसाच्या मोठ्या रोहिणीत शिरतं, पण तिथून महारोहिणीला जोडणारा एक पाट आहे. बहुतेक रक्त त्या पाटानं खाली वळतं. फुप्फुसांना थोडंच मिळतं.

दार एकाच अंगानं उघडतं. दोन अलिंदांमध्ये दोन पडदे वाढतात, त्यातला पातळ पडदा डावीकडून फळीसारखा टेकतो. बाळ पहिल्यांदा रडलं की फुप्फुसं उघडतात, तिकडचं रक्त डाव्या अलिंदात येतं, दाब वाढतो आणि फळी भिंतीला चिकटते. म्हणून माझं मत ‘कवाड’. ‘झडप’ म्हणू नका, तो शब्द हृदयाच्या चार झडपांना कधीच दिलाय. ‘छिद्र’ खालच्या दोन कप्प्यांच्या पडद्यात जन्मतः राहून गेलेल्या भोकासाठी ठेवावं. ते कुठल्याच बाळात असायला नको. हे असायलाच हवं होतं. दोन्हींना एकच शब्द लावला तर घरच्यांना फरक कळणार कसा?

अंबाजोगाईहून (निवृत्त परिचारिका) :

कवाड पटलं. पण नाळेबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. नाळ कापली की आम्ही कापलेलं टोक निरखून पाहायचो. पांढऱ्या गिळगिळीत गरात तीन तोंडं दिसायला हवीत : एक रुंद, ढिलं, पातळ भिंतीचं, दोन बारीक, जाड भिंतीची. रुंद ती नीला, बारीक त्या रोहिण्या. पण शाळेत शिकवतात, रोहिणीत लाल शुद्ध रक्त, नीलेत काळसर. नाळेत नेमकं उलटं! वारेकडून बाळाकडे चांगलं रक्त नीलाच आणते. शिकाऊ मुली दरवर्षी इथंच अडखळायच्या. रोहिणी म्हणजे लाल, नीला म्हणजे निळी, असं रंगावरून नाव पडलंय, पण खरी ओळख दिशेची : हृदयाकडून नेणारी ती रोहिणी, हृदयाकडे आणणारी ती नीला. मोठ्यांच्या फुप्फुसनीलेलाही रंगाचा नियम लागू होत नाही.

आणि आमच्याकडे बाईची ‘वार’ म्हणतात, गाईम्हशीचा ‘जार’. हा फरक कोशात नीट नोंदवायला हवा.

नांदेडहून :

‘डोहाळे’ या शब्दात हृदय दडलंय, हे इथं सांगायला हवं. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं म्हणून गर्भिणीला दौहृदिनी म्हटलंय, दोन हृदयांची बाई. त्यावरून दोहद, आणि पुढं डोहाळे, अशी वाट बरेचजण सांगतात. आजच्या शास्त्राप्रमाणे मात्र हृदयाची नळी गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशीच हलू लागते, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास चार कप्पे होतात. बाईची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो तेव्हा दुसरं हृदय चालू झालेलं असतं.

परत परभणीहून :

सगळ्यांचे आभार. काल पणजीला कवाड, पाट आणि दारं धरणं या तिन्ही शब्दांत समजावून सांगितलं. तिनं लगेच विचारलं, “पाटाचं पुढं काय होतं?” म्हटलं, वेळेवर जन्मलेल्या बाळाचा पाट दोन-तीन दिवसांत आवळतो आणि मागं नुसता दोर उरतो, कमी दिवसांच्या बाळात मात्र तो उघडा राहू शकतो, त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. “आन् कवाड?” ते दाबानं लगेच लागतं, पण चिकटायला महिने जातात. आणि मोठ्या माणसांतही साधारण चारातल्या एकाचं पुरतं चिकटत नाही, तरी बहुतेकांना त्यानं काही होत नाही.

पणजी थोडा वेळ छातीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, “म्हंजे माझंबी उघडं आसंल की गं माय. वाढ जेवायला.”