पल्स डिटोनेशन आणि टर्बाइनची अडचण

जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षाऐवजी पल्स डिटोनेशनच्या, म्हणजे इंधनाचे एकामागून एक स्फोट घडवणाऱ्या, नळ्या बसवल्या की इंधनाची बचत आपोआप होईल, असे एका प्रतिसादात म्हटले आहे आणि त्यासाठी २००८ सालच्या एका उड्डाणाचा दाखला दिला आहे. तत्त्वतः ते चूक नाही. नेहमीच्या ज्वलनकक्षात दाब थोडा घटतोच, तर डिटोनेशनमध्ये हायड्रोजन व हवेच्या मिश्रणातून सेकंदाला सुमारे २००० मीटर वेगाने धावणारी आघातलहर दाब वाढवत जाते, त्यामुळे हवा दाबून आत ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरवरचा काही भार हलका होतो. परंतु गरम वायूच्या जोरावर फिरून कॉम्प्रेसर चालवणाऱ्या टर्बाइनची पाती ठरावीक कोनातून येणाऱ्या एकसारख्या प्रवाहासाठी घडवलेली असतात. त्यांच्यावर क्षणात उसळणारा आणि क्षणात ओसरणारा वायू आदळला की त्यांची कार्यक्षमता घसरते आणि ज्वलनात कमावलेले बरेचसे तिथेच गमावले जाते. शिवाय प्रत्येक स्फोटानंतर नळी ताज्या हवेने धुऊन काढावी लागते आणि दाबाची उलटी लाट कॉम्प्रेसरकडे जाऊ नये म्हणून झडपा लागतात.

आवाजाबद्दल आपण गोवेकरांनी वेगळे काय सांगावे? दाबोळीहून मिग उडाले की चिखलीत बोलणे थांबवावेच लागते, आणि हे इंजिन त्याहून शांत असण्याची चिन्हे नाहीत.

राहिला २००८ सालच्या, अमेरिकेतील मोहावे येथील उड्डाणाचा दाखला. त्या छोट्या लाँग-ईझेड विमानाच्या इंजिनात मोटारगाडीच्या इंजिनाची झडपयंत्रणा वापरली होती आणि ते सुमारे १० सेकंद उडाले. मात्र त्यात टर्बाइनच नव्हते, म्हणून डिटोनेशनच्या नळ्या आणि टर्बाइन एकत्र असलेल्या संकरित इंजिनाच्या कार्यक्षमतेचा पुरावा म्हणून ते पुढे करता येणार नाही.